घटक ६ : सार्वजनिक शिल्प आणि स्त्रियांचे दैनंदिन श्रम

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास पुढील गोष्टी साध्य होतील :

• सार्वजनिक शिल्प आणि सामाजिक स्मृती यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• वीरगळ, सतीशिळा, हिरकणी बुरूज आणि जनाबाईचे जाते यांतून दिसणारी स्त्री-श्रमाविषयीची दृष्टी सांगता येईल.
• रामकिंकर बैज यांच्या ‘संथाळ कुटुंब’ आणि ‘मिल कॉल’ या शिल्पांचे विवेचन करता येईल.
• श्रमाचा गौरव आणि श्रमाचे उदात्तीकरण यांतील भेद ओळखता येईल.
• आपल्या परिसरातील एखाद्या शिल्पाचे चिकित्सक वाचन करता येईल.

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण साहित्यातील श्रमजीवी स्त्रीच्या चित्रणाचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात तोच विषय आपण एका वेगळ्या माध्यमाच्या साहाय्याने समजून घेणार आहोत. ते माध्यम म्हणजे सार्वजनिक शिल्प.

साहित्याच्या अभ्यासक्रमात शिल्पाचा विचार कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की साहित्य आणि शिल्प ही दोन्ही समाजाच्या स्मृतीची साधने आहेत. काय लक्षात ठेवावे आणि काय विसरावे, याचा निवाडा समाज या दोन्हींच्या द्वारे करीत असतो. पुस्तक वाचण्यासाठी अक्षरओळख लागते, सवड लागते. चौकातील पुतळा मात्र बाजाराला जाणाऱ्या, बसची वाट पाहणाऱ्या, शाळेत निघालेल्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडतो. म्हणून तेथे कोणाला स्थान मिळाले आणि कोणत्या कारणासाठी मिळाले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

दळण, पाणी भरणे, स्वयंपाक, झाडलोट, निंदणी-खुरपणी, मासळीची विक्री, मुलांचे व आजाऱ्यांचे संगोपन ही कामे रोज करावी लागतात आणि रोज संपून जातात. लढाई जिंकली, धरण बांधले, ग्रंथ लिहिला, तर त्याची खूण मागे राहते. भाकरी खाल्ली, की भाकरी करणाऱ्या हातांची खूण उरत नाही. खूण न ठेवणाऱ्या अशा श्रमांचे स्मारक कसे करावे, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ सार्वजनिक शिल्प : संकल्पना

सर्वांना मुक्तपणे पाहता येईल अशा ठिकाणी, म्हणजे चौकात, उद्यानात, समुद्रकिनारी, विद्यापीठाच्या आवारात उभारलेल्या शिल्पास सार्वजनिक शिल्प असे म्हणतात. त्याचा अर्थ केवळ आकृतीवर अवलंबून नसतो. ते कोणी उभारले, कोठे उभारले, कोणत्या द्रव्यात घडविले, चौथऱ्याची उंची किती, खाली काय कोरले आहे, या सर्व बाबी मिळून त्याचा अर्थ सिद्ध होतो. उंच चौथऱ्यावरील आकृतीकडे मान वर करून पाहावे लागते, जमिनीलगतच्या आकृतीला आपण समोरासमोर भेटतो. उंचीतील हा फरक पाहणाऱ्याचे आकृतीशी असलेले नाते ठरवितो.

सार्वजनिक शिल्पात मनुष्याकृती साधारणपणे तीन प्रकारे येते. पहिला प्रकार विशिष्ट, नामवंत व्यक्तीच्या पुतळ्याचा. दुसरा प्रकार प्रतीकरूप आकृतीचा : न्यायदेवता, स्वातंत्र्यदेवता, राष्ट्रमाता ही त्याची उदाहरणे होत. तिसरा प्रकार प्रातिनिधिक आकृतीचा. येथे आकृतीला नाव नसते, ती एका समूहाच्या वतीने उभी असते. स्त्रीची आकृती दुसऱ्या प्रकारात विपुल आढळते. परंतु प्रतीकरूप स्त्री ही कोणत्याही खऱ्या स्त्रीच्या जीवनाविषयी फारसे सांगत नाही. न्यायदेवतेच्या हाती तराजू असला, तरी बाजारात तराजू धरून बसणाऱ्या भाजीविक्रेत्या स्त्रीशी तिचा संबंध नसतो. श्रमांचा विचार करताना म्हणून तिसरा प्रकार आपल्याला अधिक उपयोगी पडतो.

६.२.२ मराठी मुलखातील स्मरणपरंपरा

महाराष्ट्रातील गावोगावी, मंदिरांच्या आवारात वा वेशीजवळ वीरगळ आढळतात. लढाईत अथवा गोधनाचे रक्षण करताना मृत्यू आलेल्या वीराच्या स्मरणार्थ ते उभारले जात. त्यांवरील चित्रचौकटी बहुधा खालून वर वाचावयाच्या असतात : खाली युद्धप्रसंग, त्यावर अप्सरांनी वीरास स्वर्गात नेणे, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि शिरोभागी चंद्र-सूर्य. म्हणजे पुरुषाचे स्मरण येथे कृतीमुळे होते. तो काय करीत असताना मरण पावला, हे दगडावर कोरलेले असते.

वीरगळांच्या जोडीने सतीशिळाही आढळतात. त्यांची ठळक खूण म्हणजे कोपरात काटकोनात दुमडलेला, बांगड्या भरलेला स्त्रीचा हात. बांगड्या अखंड असणे ही सौभाग्याची खूण होय. येथे हात आहे, पण त्या हाताने आयुष्यभर केलेले काम नाही. स्त्रीचे स्मरण तिच्या कृतीमुळे न होता पतीशी असलेल्या नात्यामुळे आणि मृत्यूमुळे होते. या दोन शिळा शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे स्मृतीच्या वाटणीतील असमानता स्पष्ट होते.

तिसरे उदाहरण रायगडावरील हिरकणी बुरुजाचे. प्रसिद्ध आख्यायिकेनुसार हिरकणी ही गडावर दूध विकण्यास येणारी गवळण. एके सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी असलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने ती कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी त्या जागी बुरूज बांधवून त्यास तिचे नाव दिले, असे ही आख्यायिका सांगते. एका कष्टकरी स्त्रीचे नाव गडाच्या तटबंदीला मिळावे, ही निःसंशय मोलाची गोष्ट आहे. तथापि लोकस्मृतीने तिच्यातील काय जपले, तेही पाहावयास हवे. आज स्तनदा मातांसाठीच्या कक्षास ‘हिरकणी कक्ष’ असे नाव दिले जाते. म्हणजे स्मृतीत राहिली ती माता. डोक्यावर दुधाचे ओझे घेऊन रोज गड चढणारी विक्रेती मात्र मागे पडली. वास्तविक तो कडा उतरण्याचे बळ तिला त्या रोजच्या चढ-उतारानेच दिले असले पाहिजे.

चौथे उदाहरण याहून निराळे आहे. पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे संत जनाबाईचे म्हणून एक जाते भाविकांना दाखविले जाते. येथे श्रमाचे साधन हेच स्मारक झाले आहे. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईची भक्ती तिच्या कामापासून वेगळी काढता येत नाही, ही जाणीव त्या जात्याच्या रूपाने टिकून आहे. शिल्पकाराने घडविलेली आकृती नसतानाही स्त्रीच्या दैनंदिन श्रमाचा सन्मान कसा होऊ शकतो, हे त्यातून कळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) सतीशिळेवरील प्रमुख चिन्ह कोणते?
(आ) हिरकणीच्या स्मृतीत कोणता पैलू मागे पडला?

६.२.३ श्रमाची पुरुष-प्रतिमा

विसाव्या शतकात सार्वजनिक शिल्पात राजे-सेनापतींच्या जोडीने श्रमिकाचा प्रवेश झाला. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरील ‘ट्रायम्फ ऑफ लेबर’ अर्थात ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प त्याचे सुविख्यात उदाहरण होय. देवीप्रसाद रायचौधुरी यांनी घडविलेले हे ब्राँझशिल्प १९५९ साली उभारण्यात आले. प्रचंड शिळा हलविण्यासाठी सर्व बळ एकवटलेले चार श्रमिक त्यात आहेत. ताणलेले स्नायू, वाकलेल्या पाठी आणि शिळेचा जडपणा यांमुळे ते प्रभावी झाले आहे. हे चौघेही पुरुष आहेत. मुंबईतील हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे स्मारक म्हणून मशाल धरलेली शेतकरी व कामगार यांची जोडी आहे, तेथेही प्रतिमा पुरुषाचीच आहे.

या शिल्पांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु त्यांतून श्रमाची एक विशिष्ट कल्पना रूढ होते. श्रम म्हणजे अवजड वस्तू हलविणे, श्रम म्हणजे एका क्षणी एकवटलेले बळ. दळणारीचे, निंदणारीचे, पाणी वाहणारीचे श्रम या कल्पनेत बसत नाहीत. कारण ते दीर्घकाळ, संथपणे, पुनःपुन्हा केले जातात. त्यांत विजयाचा क्षण येत नाही, दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा समोर उभे असते.

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास या संदर्भात उद्‌बोधक आहे. कापडगिरण्यांत सूत गुंडाळण्याच्या खात्यांमध्ये स्त्रिया काम करीत. शिवाय घरी खाणावळ चालवून, एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचे जेवण पुरविणाऱ्या स्त्रियाही होत्या. त्यांच्यावर गिरणीचा भोंगा थेट वाजत नसला, तरी पाळीच्या वेळा त्यांनाही पाळाव्या लागत. या खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. ‘गिरणी कामगार’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे कोणाचे चित्र उभे राहते, हे आपण स्वतःस विचारून पाहावे.

६.२.४ रामकिंकर बैज : ‘संथाळ कुटुंब’ आणि ‘मिल कॉल’

या पार्श्वभूमीवर रामकिंकर बैज (१९०६–१९८०) यांचे कार्य वेगळे उठून दिसते. बंगालमधील बांकुडा येथे एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२५ साली ते शांतिनिकेतनातील कलाभवनात दाखल झाले आणि नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची जडणघडण झाली. शांतिनिकेतनच्या भोवती संथाळ आदिवासींच्या वस्त्या होत्या. शेतावर, बांधकामावर, गिरण्यांत राबणारे हे स्त्री-पुरुष बैज रोज पाहत असत.

१९३८ साली त्यांनी ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प घडविले. आपली मोजकी चीजवस्तू घेऊन एक कुटुंब वाटचाल करीत आहे. पुरुषाच्या खांद्यावर कावड असून तिच्या एका टोपलीत मूल बसले आहे. स्त्रीच्या डोक्यावर ओझे व कडेवर मूल आहे. सोबत कुत्राही चालतो आहे. आकृती मानवी आकारापेक्षा मोठ्या असल्या तरी त्या उंच चौथऱ्यावर नाहीत. त्यामुळे हे कुटुंब आपल्याच वाटेवरून चालले आहे असे वाटते. यात स्त्री पुरुषाच्या मागे शोभेसाठी उभी नाही, ती त्याच्या बरोबरीने भार वाहते. भारताच्या आधुनिक सार्वजनिक शिल्पकलेत या कृतीस आरंभीचे आणि अग्रगण्य स्थान दिले जाते.

द्रव्याची निवडही विचार करण्याजोगी आहे. संगमरवर वा ब्राँझ न वापरता बैज यांनी लोखंडी सांगाड्यावर सिमेंट आणि जांभ्याची खडी यांचे मिश्रण थापले. कोकणातील विद्यार्थ्यांना जांभा परिचित आहेच, तशीच तांबडी माती बीरभूम जिल्ह्यातही आहे. त्या मातीत राबणाऱ्या माणसांची शरीरे त्याच मातीतील खड्यांनी घडली. पृष्ठभाग गुळगुळीत न करता खरबरीत ठेवल्याने उन्हातान्हात राबलेल्या त्वचेचा प्रत्यय येतो.

१९५६ सालच्या ‘मिल कॉल’ या शिल्पात स्त्रिया केंद्रस्थानी आहेत. गिरणीचा भोंगा झाला आहे आणि दोन संथाळ स्त्रिया कामावर पोहोचण्यासाठी धावत आहेत. त्यांची वस्त्रे वाऱ्यावर फडफडत आहेत. मागून एक मूल धावत येत आहे.

या शिल्पाचे दोन प्रकारे वाचन करता येते. पहिल्या वाचनात आपल्याला गती, जोम आणि मोकळेपणा दिसतो. या स्त्रिया वाकलेल्या नाहीत, दीनवाण्या नाहीत. त्या स्वतःच्या मिळकतीसाठी, स्वतःच्या पायांनी धावत आहेत. दुसऱ्या वाचनात भोंगा महत्त्वाचा ठरतो. तो शिल्पात दिसत नाही, परंतु सर्व हालचाल त्याच्यामुळे घडते आहे. सूर्य, पाऊस व पीक यांच्या कालमानाने चालणारे जीवन आता यंत्राच्या घड्याळाला बांधले गेले आहे. उशीर झाला तर मजुरी बुडेल, ही धास्ती त्या धावण्यात आहे. आणि मागे धावणारे मूल? ते सांगते, की कामावर जाताना घरचे काम मागे राहत नाही, ते पाठोपाठ येते. मजुरीचे श्रम आणि संगोपनाचे श्रम या दोहोंचा भार एकाच शरीरावर असणे, ही गोष्ट बैज यांनी कोणत्याही शिलालेखावाचून सांगितली आहे.

ही दोन वाचने परस्परांना खोडून काढीत नाहीत. श्रमात सन्मान आणि सक्ती एकत्र नांदतात, हे वास्तव त्यांतून समोर येते. या शिल्पाविषयी एक प्रश्न मात्र विचारला पाहिजे. या स्त्रियांना नाव नाही आणि त्यांचे रूप घडविणारा कलावंत त्यांच्या समाजातील नाही. दुसऱ्याच्या जीवनाचे प्रतिनिधान करण्याचा हा प्रश्न दलित व आदिवासी साहित्याच्या अभ्यासातही आपणास भेटतो. बैज यांनी संथाळ स्त्रीला नयनरम्य वनकन्या केले नाही, कामावर निघालेली स्त्री म्हणूनच पाहिले, हे त्यांचे वेगळेपण होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

(अ) ‘संथाळ कुटुंब’ या शिल्पासाठी कोणते द्रव्य वापरले आहे?
(आ) ‘मिल कॉल’मधील मागे धावणारे मूल काय सूचित करते?

६.२.५ इतर देशांतील काही उदाहरणे

व्हेरा मुखिना या शिल्पकर्त्रीने १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनातील सोव्हिएत दालनासाठी ‘कामगार आणि सामूहिक शेतातील स्त्री’ हे पोलादी शिल्प घडविले. हातोडा घेतलेला पुरुष आणि विळा घेतलेली स्त्री दोघेही समान आवेशाने पुढे झेपावतात. समानतेची ही घोषणा प्रभावी खरी, परंतु येथील स्त्री राज्यसत्तेचे प्रतीक झाली आहे. तिच्या चेहऱ्यावर थकवा दिसत नाही.

बर्लिनच्या हाझेनहाइडे उद्यानातील कातारिना झेलिन्स्की-सिंगर यांचे १९५५ चे शिल्प याच्या उलट टोकाचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्‌ध्वस्त शहरांतील ढिगारे उपसणाऱ्या स्त्रियांचे ते स्मारक होय. हाती हातोडा असलेली स्त्री येथे क्षणभर बसली आहे. श्रमाइतकीच विश्रांतीही स्मरणात ठेवण्याजोगी असते, ही त्यातील सूक्ष्म जाणीव आहे. पुढे इतिहाससंशोधकांनी हेही दाखवून दिले, की ढिगारे उपसणाऱ्या स्त्रीच्या या प्रतिमेभोवती बरीच अतिशयोक्ती साचली होती. स्मारक आणि इतिहास एकच नसतात, हे यावरून लक्षात घ्यावे.

लंडनच्या व्हाइटहॉल मार्गावर २००५ साली दुसऱ्या महायुद्धातील स्त्रियांचे स्मारक उभारण्यात आले. जॉन मिल्स यांच्या या शिल्पात एकही चेहरा नाही. खुंट्यांवर टांगलेले १७ पोशाख तेवढे आहेत. युद्ध संपल्यावर स्त्रियांनी कामाचे पोशाख उतरवून ठेवले आणि त्या घरी परतल्या. रिकामे पोशाख त्यांच्या कामाची आठवण देतात आणि त्या कामाच्या विस्मरणाचीही.

डब्लिनमधील मॉली मलोन हिच्या पुतळ्याची कथा वेगळी आहे. एका लोकप्रिय गीतातील ही मासळीविक्रेती १९८८ साली जीन राइनहार्ट यांनी हातगाडीसह साकारली. परंतु पर्यटकांच्या स्पर्शाने पुतळ्याच्या छातीचा भाग झिजून चकाकू लागला आहे. हातगाडीकडे लक्ष न जाता शरीराकडे गेले, म्हणजे श्रमिक स्त्रीचे स्मारकही तिच्या अवमानाचे स्थान होऊ शकते.

६.२.६ गौरव आणि उदात्तीकरण

आपल्याकडील अनेक शहरांत चौक सुशोभित करताना डोक्यावर घडे घेतलेल्या स्त्रियांच्या आकृती बसविल्या जातात. घड्यांतून कारंजे उडते, रात्री रंगीत दिवे लागतात. अशा आकृतींतील स्त्री बहुधा तरुण, सुडौल आणि हसतमुख असते. पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या स्त्रीची मान, टाच आणि श्वास त्यात नसतो. श्रमातील कष्ट वगळून केवळ सौंदर्य ठेवणे, यास उदात्तीकरण म्हणतात. गौरवात कष्टाची जाण असते, उदात्तीकरणात ती झाकली जाते.

याचा संबंध प्रत्यक्ष व्यवहाराशी आहे. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या माणसांसाठी अवेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष देतात ९७ मिनिटे. या श्रमांना वेतन नाही. ‘ती घरीच असते’ या एका वाक्यात जवळजवळ पाच तासांचे काम नाहीसे होते. जे दिसत नाही त्याचे मोल ठरत नाही आणि मोल न ठरल्याने ते अधिकच अदृश्य होते. सार्वजनिक शिल्प हे चक्र एकट्याने मोडू शकत नाही, पुतळा म्हणजे मजुरी नव्हे. मात्र अदृश्य श्रम दृष्टीसमोर आणण्याची पहिली पायरी ते होऊ शकते. त्याचबरोबर सन्मानाचे शिल्प उभारून न्याय्य मोबदल्याचा प्रश्न टाळला जाण्याचा धोकाही ध्यानात ठेवावा.

६.२.७ शब्दांत घडलेले स्मारक

मराठी स्त्रियांनी स्वतःच्या श्रमांचे स्मारक दगडाआधी शब्दांत घडविले. जात्यावरील ओवी हे ते स्मारक होय. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. दळणाची लय हीच ओवीची लय असल्यामुळे तेथे श्रम हा केवळ विषय राहत नाही, तो रचनेचा पाया होतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणीही घर व शेत यांतील कामांच्या ओघातच स्फुरली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

येथे एक मूलभूत फरक दिसतो. वर पाहिलेल्या बहुतेक शिल्पांत स्त्री ही पाहिली जाणारी आहे, ओवीत ती बोलणारी आहे. म्हणून स्त्री-श्रमांचे नवे स्मारक उभारताना त्या श्रम करणाऱ्या स्त्रियांना ‘तुम्हांला स्वतःचे काय स्मरणात राहावेसे वाटते?’ असे विचारणे, हे कोणत्याही द्रव्याच्या निवडीपेक्षा अगोदरचे कर्तव्य ठरते.

६.३ सारांश

सार्वजनिक शिल्पातून समाजाची स्मृती आकार घेते. वीरगळात पुरुषाची कृती, तर सतीशिळेत स्त्रीचे नाते व मृत्यू कोरले गेले. हिरकणीची माता म्हणून स्मृती राहिली, श्रमिक म्हणून ती क्षीण झाली. गोपाळपूरच्या जात्यात मात्र श्रमाचे साधनच पूज्य ठरले. आधुनिक काळात श्रमाची प्रतिमा प्रामुख्याने पुरुषाची राहिली. रामकिंकर बैज यांनी श्रमिक स्त्रीला केंद्रस्थानी आणून तिच्या श्रमातील सन्मान आणि सक्ती या दोन्ही बाजू दाखविल्या. श्रमातील कष्ट झाकणारे उदात्तीकरण आणि कष्टाची जाण ठेवणारा गौरव यांत भेद करावयास हवा.

६.४ पारिभाषिक शब्द

प्रतिनिधान : एखाद्या व्यक्तीचे वा समूहाचे कलेतून अथवा भाषेतून केलेले चित्रण.
अवेतन श्रम : ज्यासाठी मजुरी वा पगार मिळत नाही असे काम.
उदात्तीकरण : कष्ट, विषमता यांकडे डोळेझाक करून केलेली गौरवपर मांडणी.
प्रातिनिधिक आकृती : विशिष्ट व्यक्तीची नसून समूहाच्या वतीने असलेली आकृती.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला स्त्रीचा हात. (आ) दूध विकण्यासाठी रोज गड चढणारी श्रमिक स्त्री हा पैलू.
प्रश्न २ : (अ) सिमेंट व जांभ्याची खडी यांचे मिश्रण. (आ) मजुरीच्या श्रमांबरोबर संगोपनाचे श्रमही स्त्रीच्या पाठोपाठ येतात, हे.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. वीरगळ व सतीशिळा यांची तुलना करून त्यांतील स्मरणदृष्टी स्पष्ट करा.
२. ‘मिल कॉल’ या शिल्पाची दोन वाचने सोदाहरण मांडा. आपणास कोणते अधिक पटते, ते सकारण लिहा.
३. ‘ओवी हे स्त्रियांनी स्वतः घडविलेले स्मारक आहे.’ या विधानाची चर्चा करा.

६.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील वा शहरातील स्त्रीची आकृती असलेले एक सार्वजनिक शिल्प निवडा. ते कोणी व कधी उभारले, चौथरा किती उंच आहे, आकृतीच्या हातात काय आहे, तिला नाव आहे काय, याची नोंद करा. त्यानंतर घरातील अथवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या स्त्रीला, तिच्या कोणत्या कामाची आठवण राहावी असे तिला वाटते, हे विचारा आणि तिचे उत्तर तिच्याच बोलीत लिहून घ्या. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा. हे टिपण लिहिताना आपले मत आणि त्या स्त्रीचे शब्द यांची सरमिसळ होऊ देऊ नका.